हशा कुठून येतो

आमच्या घरी सिनेमाचे दोनच प्रकार मानतात, रडका आणि न-रडका. तिकिटं काढायच्या आधी नवरा विचारतो, "रडका नाही ना?" सासूबाई विचारतात, "रडका आहे ना?" नवऱ्याचं म्हणणं, आठवडाभर ऑफिसात डोकं पिकलेलं असतं, वर पैसे मोजून दुःख कशाला विकत घ्यायचं? सासूबाईंचं म्हणणं, पैसे मोजलेत तर डोळ्यांतून टिपूस तरी यायला हवं. हुंडा, दुष्काळ, जात, दारू असा काही विषय आहे असं कळलं की दोघंही त्या सिनेमाला एकाच खान्यात टाकतात, एक टाळण्यासाठी आणि दुसऱ्या बघण्यासाठी. मधल्या खुर्चीवर मी.

मी जाणकार नाही. फिल्म सोसायटीची पायरी कधी चढले नाही आणि कॅमेरा कुठून कुठे गेला हे कुणी बोट दाखवल्याशिवाय मला दिसत नाही. गाडी लावायला जागा मिळेल का आणि मध्यंतरातला वडा गरम असेल का, एवढा विचार करून घराबाहेर पडणाऱ्यांतली मी. समाजाच्या दुखण्यावरचा सिनेमा मी पाहते तो बहुतेक वेळा त्या आठवड्यात लागलेला असतो म्हणून. पण इतकी वर्षं अंधारात बसून एक खोड मात्र लागली आहे. पडद्याकडे डोळे ठेवायचे आणि कान मागे टाकायचे. थिएटर कुठे रडलं हे मी ऐकत नाही. कुठे हसलं ते ऐकते.

रडण्यावरचा माझा भरवसा उडाला तो 'माहेरची साडी'च्या वेळी. १९९१ साली विजय कोंडके यांचा तो सिनेमा आला आणि गावंच्या गावं तालुक्याच्या टॉकीजवर लोटली. आत्याच्या वाडीतल्या बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आल्या होत्या. सुट्टीला गेलेली मी त्यांच्यात कोंबून बसले. अलका कुबल पडद्यावर आल्यापासून आत्याच्या पदराला उसंत नव्हती. पहिल्यांदा डोळे, मग नाक, मग शेजारणीचे डोळे. खुर्च्यांच्या रांगांमधून हुंदके असे चालत जात होते की पुढच्या रांगेचा थांबायचा आणि मागच्या रांगेचा सुरू व्हायचा. त्या सिनेमाला आत्याची सून आली नव्हती. रात्रीच्या भाकऱ्या थापायला घरी कुणीतरी हवंच ना! परत आल्यावर आत्यानं डोळ्यांवर पाण्याचा हबका मारला, पाटावर बसली आणि पहिल्या घासाला विचारलं, "कालवणात मीठ टाकायला हात धजत नाही का गं तुझा?"

आत्या ढोंगी नव्हती. ती मनापासून रडली होती, आणि बहुधा स्वतःसाठीच. तिच्या तरुणपणी तिनं काय काय सोसलं होतं ते घरात सगळ्यांना माहीत होतं. पण त्या हॉलमध्ये सासवाही ढिगानं बसल्या असणार, आणि उषा नाडकर्णींच्या जागी स्वतःला बघणारी त्यांतली एकही नव्हती. रडायला बसलं की प्रत्येक जण सोसणाऱ्याच्या बाजूला जाऊन बसतो. तिथे जागा कधी कमी पडत नाही.

हसण्याचं तसं नाही. हसू यायला कुणीतरी लागतं, ज्याच्याकडे बघून हसायचं. म्हणजे आपण कुठून बघतोय हे त्याच क्षणी ठरून गेलेलं असतं, आपल्याला विचारल्याशिवाय.

आमच्या आजीला हे कुणी शिकवलं नव्हतं. शनिवारी संध्याकाळी मुंबई दूरदर्शनवर मराठी सिनेमा लागायचा. आमच्याकडे टीव्ही होता म्हणून चाळीतली निम्मी माणसं खोलीत आणि उरलेली खिडकीत. एका शनिवारी 'कुंकू' दाखवला. प्रभातचा, १९३७ चा, ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट'वरचा. म्हाताऱ्या विधुराला फसवून दिलेली नीरा त्याला नवरा मानायलाच नकार देते, ही त्यातली गोष्ट. शांता आपटे ताठ मानेनं त्या घरात वावरतात, केशवराव दाते आरशात स्वतःकडे बघत राहतात आणि पार्श्वसंगीत नसलेल्या त्या घरात घड्याळाचा आवाज होत राहतो. म्हाताऱ्याची फजिती झाली की खोलीभर खसखस पिकायची. जरठ नवऱ्याला हसणं आपल्या अंगवळणी पडलेलंच आहे. देवलांचं 'शारदा' १८९९ चं, तेव्हापासून थेरड्या नवरदेवाची टर उडवत मराठी माणूस तिकिटाचे पैसे वसूल करत आला.

आजी हसत नव्हती. आजोबा तिच्याहून वीसेक वर्षांनी मोठे होते, बिजवर. ती तेरा वर्षांची असताना या घरात आली. म्हाताऱ्याला हसायचं म्हणजे ज्याच्यासोबत तिनं आयुष्य काढलं त्याला हसायचं, आणि नीरासोबत हसायचं तर ती ज्या तोऱ्यात उभी राहते तसं आजी कधी उभी राहिली नव्हती. सिनेमाच्या शेवटी म्हातारा स्वतःला संपवतो. खोलीत चुकचुकणं झालं, बायकांनी पदर डोळ्यांना लावले. आजी अडकित्त्यानं सुपारी कातरत होती. म्हणाली, "मेला म्हणून सुटली. नसता मेला तर?"

त्या सिनेमावर नंतर मी बरंच काही वाचलं. दिग्दर्शक शांतारामबापूंचं धाडस, म्हाताऱ्याच्या समाजसेविका मुलीच्या भूमिकेतल्या शकुंतला परांजपे, ज्या प्रत्यक्षातही र. धों. कर्व्यांच्या संततिनियमनाच्या कामात होत्या आणि सबंध आयुष्य त्या प्रश्नाला चिकटून राहिल्या. सगळं खरं आहे. पण आजीच्या त्या वाक्यानं शेवटाचं जे केलं ते कुठल्या परीक्षणात सापडलं नाही. सामाजिक प्रश्नावरच्या सिनेमाला अडीच तासांत घरी सोडायचं असतं, म्हणून त्यात कुणीतरी वेळेवर मरतं. आजीचा प्रश्न पुढे सतरा-अठरा वर्षं जिवंत होता, रोज दोन वेळा जेवायला बसत होता.

हसू सत्तेच्या बाजूनंही येतं, आणि ते फार लवकर येतं. 'सामना'मधला निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटील आठवा. साखर कारखान्याचा मालकच म्हणायचा असा तो अध्यक्ष बोलायला लागला की आपण त्याच्या फिरक्यांवर हसतो, कारण पडद्यावर सगळ्यात मजेशीर माणूस तोच असतो. डॉ. लागूंचा दारुडा मास्तर नको तो प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहतो तेव्हा आपल्याला क्षणभर त्याचाच कंटाळा येतो. पटकथा लिहिणाऱ्या तेंडुलकरांनी हे मुद्दाम केलं असणार. निळूभाऊ मूळचे राष्ट्र सेवा दलाचे, तरुणपणी माळीकाम केलेले, स्वभावानं ऋजू. तरी त्यांना बाया-बापड्या घाबरायच्या ते काही उगाच नव्हे. आपल्याला हसवून तो माणूस आपल्याला गुन्ह्यात सामील करून घ्यायचा.

टाळ्यांबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. हिंदीत अलीकडे कोर्टात शेवटचं भाषण असतं, किंवा गावासमोर, किंवा टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर. नायक प्रश्नाचं उत्तर खणखणीत आवाजात देतो, आपण टाळ्या वाजवतो आणि त्या टाळ्यांबरोबर विषय मिटतो. 'पिंक' मला आवडला होता, अगदी मनापासून. पण बाहेर येताना लोक अमिताभच्या आवाजाबद्दल बोलत होते. त्या तिघी मुलींबद्दल फारसं कुणी बोलत नव्हतं.

उलट 'गाभ्रीचा पाऊस' घ्या. सतीश मनवर यांचा, २००९ चा. विदर्भातला शेतकरी, शेजारच्या घरात आत्महत्या झालेली, आणि आता आपलाही नवरा तसंच काही करील या धास्तीनं बायको त्याच्यावर पाळत ठेवते. गोडधोड करून घालते, पोराला त्याच्या मागावर धाडते. नवऱ्याला कळेना, हे एकाएकी काय लाडकोड चाललंय. गिरीश कुलकर्णी वैतागतात आणि आपल्याला हसू येतं. ते हसू घशात थोडं अडकतं, पण येतं खरं. वर्तमानपत्रातल्या आत्महत्यांच्या आकड्यांनी माझं कधी काही झालं नव्हतं, चहाबरोबर ते आकडे खाली उतरायचे. बापाच्या मागोमाग शेतात निघालेलं ते पोर मात्र उतरलं नाही. मी ज्या खेळाला गेले होते तिथे माणसं इतकी कमी होती की प्रत्येकाचं हसू ओळखू यावं. पुढच्या शुक्रवारी तो सिनेमा निघूनही गेला.

आणि 'फँड्री'.

तो १४ फेब्रुवारी २०१४ ला लागला. व्हॅलेंटाइन डे. जाहिरातीत कोवळं प्रेम होतं आणि अजय-अतुल यांचं गाणं होतं. ते गाणं जाहिरातीपुरतंच, सिनेमात नाही. त्यामुळे आमच्या शोला कॉलेजची पोरंपोरी भरपूर. एकीच्या हातात गुलाबाचं फूलही होतं, ते तिनं कोल्ड्रिंकच्या ग्लासाच्या खाचेत ठेवलं. सिनेमाआधी राष्ट्रगीत झालं. महाराष्ट्रात ते २००३ पासून होतंच. सगळे उभे राहिले, सगळे बसले. मग शाळकरी जब्या आणि त्याचा दोस्त पिऱ्या काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ हिंडायला लागले, तिची राख जब्याच्या वर्गातल्या शालूवर टाकायची म्हणजे शालू वश होणार. हॉल छान हसत होता. प्रेमळ हसू होतं ते. आपलं शाळेतलं येडेपण सगळ्यांना आठवत असणार.

मग डुकरं धरायचा प्रसंग येतो. जत्रेत डुकरांनी घोटाळा केलेला असतो आणि गावानं कचरू मानेला, जब्याच्या बापाला, ती धरायचं काम लावलेलं असतं. सगळं कुटुंब फास घेऊन डुकराच्या मागे. आणि हे नेमकं शाळेसमोर. शालू बघणार म्हणून जब्या भिंतीआड लपतोय, बाप त्याला ओढून बाहेर काढतोय. गावातली पोरं मॅच बघायला बसावं तशी कठड्यावर बसून हसतायत, शेरे मारतायत. डुक्कर निसटतं, माणूस घसरतो. घसरणाऱ्या माणसाला हसायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही, त्यामुळे हॉलही हसायला लागला. थोड्या वेळानं असं झालं की पडद्यावरचं हसणं कुठे संपतं आणि खुर्च्यांमधलं कुठे सुरू होतं ते कळेना.

आणि तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या थबकतो. तो जागच्या जागी ताठ उभा राहतो, मग घरातले बाकीचेही, आणि समोर हाताच्या अंतरावर ज्याच्यासाठी सकाळपासून जीव काढला ते डुक्कर. इथे सगळ्यात मोठा हशा आला. आमच्या रांगेतले एक काका सवयीनं अर्धवट उठले, इकडेतिकडे पाहिलं, पुन्हा बसले. त्यांना बघून आणखी हशा. तासाभरापूर्वी त्याच सुरांना आम्ही सगळे उभे होतो, पॉपकॉर्नचा डबा एका हातात धरून. आमच्यासमोरून मात्र काही पळून जाणार नव्हतं.

तेव्हा माझ्या कानांना एक गोष्ट जाणवली. अगदी पुढच्या, स्वस्तातल्या रांगांत काही पोरं बसली होती. जब्या-पिऱ्याच्या वेळी सगळ्यात जास्त आवाज त्यांचाच होता, शिट्ट्यासुद्धा. डुकराचा पाठलाग सुरू झाल्यापासून तो आवाज बंद झालेला होता. ती पोरं उठून गेली नव्हती, चुकचुकतही नव्हती. फक्त हसत नव्हती. कोण होती, कुठली होती, मी काही विचारायला गेले नाही. पण हॉलच्या त्या कोपऱ्यातून काही येत नाहीये हे एकदा लक्षात आल्यावर बाकीच्या हॉलचं हसणं फार मोठ्यानं ऐकू यायला लागलं.

धरलेलं डुक्कर काठीला बांधून खांद्यावरून नेताना मागे भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई, गाडगेबाबा दिसतात. तो प्रसंग मला तेव्हा जरा मांडून ठेवल्यासारखा वाटला. नंतर खेडोपाडी फिरताना पाहिलं, बहुतेक शाळांच्या भिंतींवर ती चित्रं आहेतच. कुणी मुद्दाम मांडायची गरज नाही. शेवटी चिडवणाऱ्यांवर जब्या दगड फेकतो आणि त्यातला एक सरळ आपल्याकडे येतो. पडदा काळा होतो.

दिवे लागले. बायकांच्या स्वच्छतागृहाबाहेर रांग होती. माझ्या पुढे उभी असलेली एक चांगली शिकलीसवरलेली बाई मैत्रिणीला म्हणाली, "सगळं छान होतं, शेवट तेवढा कळला नाही. दगड नक्की मारला कुणाला?" रांगेत कुणीच काही बोललं नाही. मैत्रीण म्हणाली, "अगं, त्या खोड्या काढणाऱ्या मुलाला." आणि रांग पुढे सरकली.

दोन वर्षांनी 'फँड्री'च्याच नागराज मंजुळे यांनी 'सैराट' आणला तेव्हा त्यांनी प्रेक्षकाला चांगलंच ओळखलेलं होतं, असं मला वाटतं. आधी नाचू दिलं. लोक खुर्च्या सोडून पडद्यासमोर गेले, शिट्ट्या झाल्या. आर्ची बुलेटवरून आली तेव्हा माझ्या नवऱ्यानं, न-रडक्या पंथाच्या माणसानं, माझ्या पाठीवर थाप मारली. आणि शेवटी आवाजच काढून घेतला. लहान मूल रक्ताची पावलं उमटवत चाललंय आणि हॉलला हसायला, रडायला, टाळ्या वाजवायला सूर देणारं काही शिल्लक नाही. लोक बाहेर आले ते चपला फरफटत. सासूबाईंनी दारातच मला सांगून टाकलं, "हा रडका नाही. रडूच येत नाही मेलं." त्या सिनेमाची कमाई पुढे शंभर कोटींपार गेल्याच्या बातम्या आल्या. आता एकही वरात त्यातल्या 'झिंगाट'शिवाय निघत नाही. कुंडली, पोटजात, गोत्र, सगळं चाळणीतून गाळून ठरवलेल्या लग्नाच्या वरातीत नवऱ्यामुलाचे काका, मामा, भाऊ त्या गाण्यावर बेभान नाचतात. मीही नाचले आहे. ठेका फार चांगला आहे.

'कोर्ट' बघायला मात्र मी एकटीच गेले, कारण तो कुठल्याच खान्यात बसेना. चैतन्य ताम्हाणे यांचा हा सिनेमा व्हेनिसला गाजून, राष्ट्रीय पुरस्काराचं सुवर्णकमळ घेऊन आला होता. एका लोकशाहिरावर खटला: त्याचं गाणं ऐकून एका सफाई कामगारानं मॅनहोलमध्ये उतरून जीव दिला म्हणे. शाहिराच्या भूमिकेत वीरा साथीदार, जे प्रत्यक्षातही चळवळीतले कार्यकर्ते होते आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनानं गेले. सिनेमा संथ आहे, असं सगळे सांगत होते. आहेच. आपल्या सत्र न्यायालयाइतका संथ. एका बाईनं बिनबाह्यांचा पोशाख घातलाय म्हणून न्यायाधीश तिची केसच पुढे ढकलतो तेव्हा आमचा हॉल हसला. शहाण्या माणसांचं हसू, आपण असे नाही याची खात्री असलेलं. पुढे सरकारी वकील बाई (गीतांजली कुलकर्णी, काय काम केलंय!) सुट्टीच्या दिवशी नवऱ्या-मुलांबरोबर नाटकाला जातात. नाटकातला मराठी बाप मुलीला मागणी घालायला आलेल्या परप्रांतीय मुलाला हाकलून लावतो आणि पडद्यावरचे प्रेक्षक टाळ्या पिटत हसतात. त्यांच्याकडे बघून आमच्या मोजक्या माणसांच्या हॉलमध्ये कुणालाच हसू फुटलं नाही. आपल्यातल्या कित्येकांनी तसल्या नाटकाला जाऊन तसंच हसलेलं असतं. त्या बाई काही खलनायिका नाहीत. त्या लोकलमध्ये जेवणाच्या गप्पा मारतात, मुलाला आणतात, स्वयंपाक करतात आणि दुसऱ्या दिवशी कोर्टात उभ्या राहून कायद्याची कलमं भराभर वाचतात.

त्याच सिनेमात त्या मेलेल्या कामगाराच्या बायकोची साक्ष आहे. ती सांगते, नवरा मॅनहोलमध्ये उतरण्याआधी झुरळ बाहेर येतं का ते बघायचा. आलं तर खाली जीव जगेल एवढी हवा आहे. सुरक्षेसाठी त्याला दिलेलं साधन काय, तर हे. ती हे भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात सांगते. तिथे हसायचंही नसतं आणि रडायला तिचा आवाज जागा देत नाही.

हल्ली थिएटरला जाणं कमी झालंय. 'जय भीम' मी मोबाइलवर पाहिला, जेवणाच्या सुट्टीत तुकड्यातुकड्यांनी. इरुळर जमातीच्या माणसाला पोलीस कोठडीत मारतात ते प्रसंग सहन होईनात. पडद्यावर उजवीकडे दोनदा टिचकी मारली की दहा सेकंद पुढे जाता येतं. मी टिचक्या मारत गेले. थिएटरात तोंड फिरवलं तरी आवाज ऐकावा लागायचा, इथे तोही चुकवता येतो. आणि कानांना आता कामच उरलेलं नाही. मोबाइलवर आपल्याला हसू आलं तर शेजारी कोण हसलं नाही हे कळायला शेजारीच नसतो. मुलगा म्हणतो, दीडपट वेगानं बघ, वेळ वाचेल.

म्हणूनच गेल्या गणपतीत सोसायटीनं मंडपात पडदा लावून सिनेमा दाखवायचं ठरवलं तेव्हा मी हौसेनं समितीत गेले. सेक्रेटरी म्हणाले, "सामाजिक काहीतरी घेऊ. मुलांवर संस्कार होतात." मी 'फँड्री' सुचवला. क्षणभर कुणी बोललं नाही. मग एक जण म्हणाले, "डुकरं आहेत ना त्यात? मंडपात बरं दिसत नाही." 'सैराट'ला दोन मुलींच्या वडिलांनी हात वर करून नकार दिला. 'गाभ्रीचा पाऊस' उत्सवात अपशकुनी. शेवटी 'श्वास'वर एकमत झालं, आणि ते इतक्या चटकन झालं की मलाही नवल वाटलं. संदीप सावंत यांचा २००४ चा सिनेमा. 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी मराठीला सुवर्णकमळ मिळवून देणारा, ज्याच्या ऑस्करवारीसाठी लोकांनी वर्गणी काढली. कोकणातला नातू, डोळ्याचा कॅन्सर, शहरातलं मोठं हॉस्पिटल, आजोबा. फार सुंदर सिनेमा आहे आणि मी त्याला नावं ठेवणार नाही. पण एकमत का झालं हे मला कळलं. त्यात कुणाचीच चूक नाही. दुखणं आहे, आणि दुखण्याची जात काढता येत नाही.

खुर्च्यांवर आम्ही बसलो. मागे जिन्याच्या पायऱ्यांवर वॉचमन, त्याची बायको, झाडलोट करणाऱ्या दोघी आणि इस्त्रीवाला. अरुण नलावडे नातवाचा हात धरून त्या मोठ्या हॉस्पिटलात शिरले, या खिडकीवरून त्या खिडकीकडे, कुणाला काय विचारायचं ते कळेना, कागद कुठला, सही कुठे. खुर्च्यांमधून चुकचुकण्याचे आवाज यायला लागले. सासूबाईंनी रुमाल काढला. आणि मागून हसू आलं. चांगलं मोकळं, दोन-तीन माणसांचं. सेक्रेटरींनी मान वळवून पाहिलं. हसू थांबलं, पण थोड्या वेळानं आजोबा पुन्हा चुकीच्या माणसाशी बोलायला लागले तेव्हा दाबलेलं पुन्हा फुटलं.

सिनेमा संपल्यावर खुर्च्या रचायला वॉचमन आला तेव्हा मी त्याला विचारलं, तिथं हसण्यासारखं काय होतं? तो परभणीकडचा. जरा ओशाळला, मग सांगायला लागला.

"काय नाही मॅडम, आमचं म्हातारं आठवलं. मागं त्याला दवाखान्यात आणलं होतं इकडं, मोठ्या. मला ड्युटी, म्हणून म्हटलं, तुम्ही रांगेत थांबा, मी येतो. दिसली ती रांग धरली त्यानं. दोन तास थांबला. गुडघ्याचं दुखणं, तरी खाली बसला नाही, नंबर जाईल म्हणून. मी आलो तवा त्याच्या हातात कुपन. म्हटलं, बघू कोणत्या डॉक्टरचं. तर चहाचं! कँटीनची रांग होती ती."

"अरे देवा! मग?"

"मग काय, म्हातारं म्हणलं, पैसे भरलेत तर आधी चहा पिऊ. बिस्कुट बी घेतलं."

त्यानं चार खुर्च्या एकात एक बसवल्या आणि अजून हसतच फाटकाकडे पळाला. बाहेर कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं.